कुटुंबाच्या सहलीला सायकल न्यावी का?

घाटवाट: दिवाळीनंतर चार दिवस घरच्यांसोबत पाचगणीला जातोय. सोबत सायकल न्यायची म्हटल्यावर घरात दोन तट पडलेत. माझं मत: न्यावीच. वाई ते पाचगणी, म्हणजे पसरणी घाट धरून, साधारण १२ किलोमीटर. चढ पाचशे मीटरच्या वर. अंगावर येणारा नाही, पण उसंतही देत नाही. एकदा लय लागली की वळणामागून वळण मागे पडत जातं आणि खाली धोम धरणाचं पाणी दिसू लागतं. एरवी अशा चढासाठी वेगळी रजा टाकावी लागते, इथे तो दारात आहे. साडेपाचला निघालो तर नाश्त्याला हजर. मुलं तोवर झोपलेलीच असतात. कोणाचं काय अडतं?

सावली: अडतं. तुम्ही फक्त सायकलवरचे तास मोजलेत. आदल्या रात्री 'मला पहाटे उठायचंय, दिवे घालवा' इथपासून सुरुवात होते. हॉटेलच्या एकाच खोलीत पहाटे हेल्मेट, बूट, बाटल्यांची खुडबुड झाली की धाकटं जागं होणारच. मग त्याला घेऊन कोण बसतं? घाट चढून आलात की अंघोळ, भरपेट नाश्ता, आणि दुपारी मुलं टेबललँडला चला म्हणतात तेव्हा तुम्ही आडवे. वर्षभर डबे आणि शाळेच्या वेळा सांभाळणाऱ्या बाईला निवांत सकाळ मिळते ती एवढ्या सुट्टीतच. ती तुम्ही न विचारता घेताय.

सायकलवाली: सावलीताई, मुद्दा पटला, पण सायकल नेणारा नवराच असणार हे सगळ्यांनी धरूनच का चालावं? आम्ही महाबळेश्वरला होतो तेव्हा मी पोलादपूरहून आंबेनळी घाट चढले. कोकणातल्या उकाड्यातून निघून जवळजवळ ४० किलोमीटर, आणि बाराशे मीटरपेक्षा जास्त चढ. प्रतापगडाच्या फाट्यापाशी हवा बदलते, तिथला गारवा घामेजल्या मानेवर लागतो ना, त्यासाठी मी पुन्हा जाईन. मुलं नवऱ्याकडे होती. 'सुट्टीत आई कुठे गेली?' हा प्रश्न मुलांनी नाही, सासऱ्यांनी विचारला. स्वतःचा मुलगा दिवसभर क्रिकेट बघत बसतो तेव्हा ते काही विचारत नाहीत. आमच्याकडे ठरलेलं आहे: एक सकाळ माझी, एक त्याची. तो सायकल चालवत नाही, तो दहापर्यंत झोपतो. त्या दिवशी मुलं माझ्याकडे.

कृष्णाकाठ: वाईत राहतो, म्हणून रस्त्याबद्दल सांगतो. दिवाळीच्या सुमारास साडेसहाच्या आधी सूर्य उगवत नाही. साडेपाचला घाटात मिट्ट काळोख असतो, पुढचा-मागचा दिवा असला तरी. सुट्टीत रात्रभर गाडी चालवून आलेले, घाटाची सवय नसलेले लोक पहाटेच वर चढतात आणि वळणावर ओव्हरटेक करतात. उजाडल्यावर निघा. शनिवार-रविवार टाळा. नऊनंतर गाड्यांची रांग लागते, तिच्यात धूर खात चढण्यात काही अर्थ नाही. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचा.

घाटवाट: कृष्णाकाठ, आभार. उजाडल्यावरच निघेन. सावली, मग असं केलं तर? येतानाच मी वाईला उतरतो आणि सायकलने वर येतो, बायको-मुलं गाडीने पुढे जातात. सुट्टीतली एकही सकाळ जात नाही.

सावली: हे तर आणखी वाईट! घाटात मुलांना मळमळतं. गाडी बायको चालवणार, मग मागे पिशवी कोण धरणार? वळणावर गाडी थांबवायला जागा नसते. हॉटेलवर पोचल्यावर सामान उतरवायचं, खोली ताब्यात घ्यायची, तेही तिनेच. तुम्ही तासाभराने हसतमुखाने पोचणार.

सायकलवाली: यात मी पूर्णपणे सावलीताईंच्या बाजूने. प्रवासाच्या दिवशी दोन्ही मोठी माणसं गाडीत हवीत. मुक्काम पाचगणीत आहे ना? मग एखाद्या सकाळी तिथूनच वाईला उतरा आणि परत चढून या. एक लक्षात घ्या, उलट्या घाटात कंटाळा आला म्हणून मागे फिरता येत नाही, घर वर असतं. दोन ट्यूब आणि पंप जवळ ठेवा. पंक्चर झालं म्हणून बायकोला मुलं गाडीत घालून खाली बोलवायचं नाही.

घाटवाट: बायकोशी बोललो. बुधवारची सकाळ माझी ठरली. गुरुवारी ती एकटी सिडनी पॉइंटपर्यंत चालत जाणार आहे, फोन खोलीत ठेवून. आणि बुधवारी दुपारी टेबललँडला मुलांबरोबर मीच, झोप आली तरी. तरीही सावली, तुमचं 'न विचारता घेताय' मला मान्य नाही. विचारायचं होतं म्हणून तर घरात विषय काढला.

सावली: विषय काढलात, पण बेत पक्का करून. गुरुवार ठरला, हे मात्र बरं झालं. तो पावसाने किंवा मुलांच्या तापाने बुडाला तर शुक्रवारी तिला द्या. आणि मागच्या दारावर लावायचं कॅरियर घेऊ नका. सायकल अडकवली की डिकी उघडत नाही आणि मुलांचे कपडे, खाऊ सगळं डिकीतच असतं. टपावरचं बघा.