मैत्रिणीचं पुस्तक येतंय, आपण काय करायचं?

रातराणी :
शाळेपासूनच्या मैत्रिणीचा पहिला कथासंग्रह छापायला चाललाय. करार व्हायचाय, पानं लावायला, म्हणजे छपाईसाठी मांडायला घेतलीत, मुखपृष्ठाचे दोन नमुने आलेत आणि तिला दोन्ही आवडलेले नाहीत. लोक भेटले की अभिनंदन करतात, ती 'हो हो' म्हणते आणि घरी आली की मला फोन करून विचारते, सगळं मागे घेऊ का? मी बँकेत नोकरी करते. साहित्यातलं मला चार वाचकांना कळतं तेवढंच कळतं. 'छान होईल गं' म्हणून म्हणून आता माझाच त्यावरचा विश्वास उडत चाललाय.

तुमच्यापैकी कुणी अशा वेळी मित्राच्या, मैत्रिणीच्या सोबत राहिलंय का? नेमकं काय केलंत? ज्यांची स्वतःची पुस्तकं आली आहेत त्यांनीही लिहा. कुणाचं काय उपयोगी पडलं आणि कुणाच्या तोंडावर दार लावावंसं वाटलं? उपदेश नकोत, घडलेलं लिहा.

कडुनिंब :
प्रुफं वाचा, म्हणजे छपाईआधी चुका तपासायला येणारी पानं.

मित्राची कादंबरी एका जुन्या ऑपरेटरने श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केली होती. ती युनिकोडमध्ये फिरवली आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' असं जिथे जिथे होतं तिथे अर्धा र सुटून बाजूला जाऊन बसला. तीनशे पानांत हे किती वेळा येतं बघा मोजून. आम्ही समोरासमोर बसलो. त्याच्या हातात मूळ लेखन, माझ्या हातात प्रूफ, आणि मी मोठ्याने वाचायचं. मनात वाचलं की डोळा चूक आपोआप सुधारून पुढे जातो, तोंडाने वाचलं की जीभ अडखळते. संवादांत तर लगेच कळतं. एक पात्र सरपंचाशी बोलताना अचानक वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखं बोलायला लागलं तेव्हा मी वाचता वाचता हसलो, आणि मित्राने न बोलता तो परिच्छेद काटला.

ऱ्हस्व-दीर्घ बघणारी माणसं आहेत, त्यांना त्यांचे पैसे द्या आणि ते काम करू द्या. मित्राने बघायचं ते वेगळंच. या कादंबरीतली एक बाई बहात्तरच्या दुष्काळात दहा वर्षांची होती आणि १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नातवंडं खेळवत होती. एकतिसाव्या वर्षी! एक आत्या तिसऱ्या प्रकरणात सुमन होती, अकराव्यात कुसुम झाली. लेखकाला हे दिसत नाही. ती आत्या त्याच्या डोक्यात इतकी वर्षं राहिलेली असते की तिला नावाची गरजच उरत नाही.

आणि मलपृष्ठ, कणा (कपाटात लावल्यावर दिसते ती कड), अर्पणपत्रिका, किमतीचं पान, हेही मित्राने बघायचं. आतला मजकूर चार जण वाचतात, मलपृष्ठाकडे सगळे नुसते 'छान दिसतंय' म्हणून बघतात.

लिंबूटिंबू :
जेवायला बोलवा आणि पुस्तकाचा विषय काढू नका. माझ्या नवऱ्याच्या मित्राने एवढंच केलं. नवरा अजून त्याचं नाव काढतो.

सांडगी मिरची :
दार लावावंसं कधी वाटलं ते मी सांगते. 'अरे वा, मग मला एक कॉपी दे ना!'

हिशेब मांडूनच टाकते, कारण लोकांना खरंच माहीत नसतं. माझ्या पुस्तकाची किंमत अडीचशे रुपये, मानधन दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे पंचवीस. आवृत्ती पाचशेची. सगळीच्या सगळी खपली तर मला साडेबारा हजार मिळणार, तेही वर्षाअखेरीच्या हिशेबात. करारातल्या मोफत प्रती घरातच संपल्या. पुढची प्रत मी सवलतीत का होईना, विकत घेऊनच देते. ज्यांना मी दिल्या त्यांच्यापैकी निम्म्यांनी त्या उघडल्याही नाहीत, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. पानं एकमेकांना चिकटलेली असतात ना, नव्या पुस्तकाची, तशीच होती.

आता उपयोगी काय पडलं ते. माझ्या जावेने दुकानात जाऊन पूर्ण किमतीत पुस्तकं घेतली आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटली. प्लास्टिकच्या डब्यांऐवजी! दुकानदाराने लगेच प्रकाशकाकडे आणखी प्रती मागवल्या. आमच्या कॉलनीतल्या बायका फेब्रुवारीभर मला भाजीवाल्यापाशी गाठून विचारत होत्या, ती शेवटची बाई परत गेली की नाही ते लिहिलंच नाही तुम्ही. इतकी बारकाईने केलेली चिकित्सा मला कुठल्या परीक्षणात मिळाली नाही.

लोकल ८.१२ :
रातराणी, तुम्ही बँकेत आहात म्हणजे कागद वाचायची सवय आहे. करार तुम्ही वाचा. लेखक वाचत नाहीत, त्यांना सही करायची घाई असते.

मी मैत्रिणीचा करार वाचायला घेतला, ते दीड पान होतं. त्यात छापील पुस्तकाबरोबर ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट असे सगळे हक्क एकाच ओळीत, कायमचे दिलेले. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे, त्यातलं कलम १९ वाचून ठेवा. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते दिले असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. म्हणजे कायदा लेखकाच्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे. पण करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' असे शब्द आले की ती सोय गेली. आम्ही प्रकाशकाला नम्रपणे पत्र लिहिलं. ऑडिओ आणि चित्रपट त्यांनी काढून टाकलं, अनुवादावर अडून बसले, शेवटी निम्मं-निम्मं ठरलं. भांडण वगैरे काही झालं नाही. ते म्हणाले, आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्यांच्या ओळी. तिने प्रत्येक कथेच्या डोक्यावर कुणाची तरी कविता, कुठलं तरी सिनेमाचं गाणं टाकलं होतं. भारतात लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या ओळी खुशाल घ्या. गाण्यांसाठी परवानगी मागावी लागते. गाणी काढली तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. कथा मात्र त्यांच्याशिवाय जास्त बऱ्या वाटायला लागल्या, हे माझं मत.

आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे मागणारे भेटतात. भारतात तो क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते आणि फुकट देते.

अनवट :
सगळे मदतीचं लिहिताहेत. पण पुस्तक आवडलंच नाही तर? मित्राने छापायला जायच्या आधी वाचायला दिलं. तेरा कथांपैकी तीन चांगल्या, बाकीच्या ओढूनताणून. मी त्याला विचारलं, पानं लावून झाली का? तो हो म्हणाला. मग मी फक्त त्या तिघींबद्दल बोललो आणि एका शेवटाबद्दल, जो तेवढ्यात बदलता येण्यासारखा होता. त्या टप्प्यावर बाकीचं सांगणं म्हणजे आपलं मन मोकळं करणं. त्याचा त्याला काय उपयोग?

कडुनिंब :
अनवट, पटलं नाही. पानं लागली म्हणजे काही दगडावर कोरलं जात नाही. फॉर्म, म्हणजे एकदम छापायचा पानांचा गठ्ठा, सोळा पानांचा असतो, एक-दोन कथा काढल्या तर अनुक्रमणिका बदलते आणि फार तर ऑपरेटर कुरकुरतो. माझ्या दुसऱ्या एका मित्राला मी त्या टप्प्यावर सांगितलं होतं, ही कथा नको. त्याने काढली. लोक 'चांगलंय' म्हणायला हजार मिळतात हो.

सांडगी मिरची :
कडुनिंब, मला त्या टप्प्यावर कुणी असं म्हणालं असतं तर मी त्याला प्रुफांच्या गठ्ठ्यानेच हाणलं असतं. आधी विचारावं, 'खरं हवंय की धीर हवाय?' माझ्या भावाने असंच विचारलं. मी म्हटलं धीर. त्याने धीर दिला. खरं काय ते दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी सांगितलं.

बोरकूट :
आमच्या यवतमाळकडची गोष्ट. दोस्त कवी. कवितेचं पुस्तक कोन घेते भाऊ? प्रकाशक म्हणे तुमच्याच पैशानं छापू. मग कळलं की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. हस्तलिखित छापायच्या आधी द्यावं लागते, छापून झाल्यावर जाऊन काही फायदा नाही. त्याचा अर्ज मी भरला, झेरॉक्स मी काढल्या, कारण तो कवी आहे आणि कवीला 'सोबत जोडलेली कागदपत्रे' हे वाचूनच ताप येते.

प्रकाशन शहरातल्या हॉलमध्ये करायचं चाललं होतं. हॉलचं भाडं, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची गाडी, बॅनर. मी म्हटलं, लेका तुझ्या कवितेत सारं गावच आहे, तर गावातच करू. जिल्हा परिषदेच्या शाळेत केलं. ज्या मास्तरांनी त्याला शिकवलं त्यांच्याच हातून. माझ्याकडं एकच काम होतं, भाषणं आवरायची. अध्यक्ष पुस्तक सोडून स्वतःच्या पहिल्या संग्रहाच्या आठवणींवर गेले की मी पाण्याचा ग्लास घेऊन स्टेजवर जायचो. दोनदा गेलो. तिसऱ्या वेळी मला बघूनच ते 'समारोप करतो' म्हणाले. पुस्तकं मात्र विकल्या गेली. गावातल्या लोकांनी आपापली नावं शोधायला घेतली!

नदीकाठ :
कथा-कवितेचं ठीक आहे. माझ्या मैत्रिणीचं आत्मकथन होतं. नावं बदलली तरी आमच्या सांगलीकडच्या गावात कोण कोण ते सगळ्यांना कळणारच. जमिनीच्या वाटणीचं प्रकरण त्यात आहे, भावाशी आठ वर्षं बोलणं बंद होतं तेही आहे. तिला भीती परीक्षणाची नव्हती, भावाची होती.

मी म्हटलं, छापून आल्यावर त्याला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तूच नेऊन दे. ती एकटी जाईना. मग मी बरोबर गेले. त्याच्याबद्दलची पानं वेगळी काढून नेली होती. वहिनीने चहा ठेवला, तो ओसरीवर चष्मा लावून वाचत बसला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात, कुणीच काही बोलत नव्हतं. वाटणीचं भांडण, त्याने केलेली शिवीगाळ, आईच्या आजारपणात तो न आल्याचं, सगळं त्याने वाचलं. आणि बाहेरून आवाज आला, 'ताई, मी नववी नापास नव्हतो. दहावी. नववी पास झालो होतो.' तेवढंच बदलून मागितलं. तिने बदललं. त्यांचं फार गोड झालंय असं नाही, पण रक्षाबंधनाला आला होता.

असं पुस्तक आधी वकिलाला दाखवा असं कुणी सांगेल. तेही करा. पण बरोबर बसायला जा.

मुक्काम पोस्ट :
माझं काम हमालीचं. मित्राने पुस्तक स्वतःच काढलं, गठ्ठे आमच्या रत्नागिरीच्या घरी. रोज संध्याकाळी पाकिटं करणं, पत्ते लिहिणं. पावसाळा, त्यामुळे आधी प्लास्टिक मग ब्राउन पेपर. पूर्वी पुस्तकांसाठी टपालाचा स्वस्त दर होता, तो डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. साध्या पार्सलचा खर्च ऐकून मित्र म्हणाला, यापेक्षा मी घरोघर जाऊन वाचून दाखवतो. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, पण ट्रॅक करता येतं. दोनशे पानी डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचं, पुस्तक साधारण पाव किलोचं, वेष्टनासकट तीनशेत बसतं. खिडकीवर 'ज्ञान पोस्ट' असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने स्पीड पोस्ट लावतात.

जर्सीकर :
पाव किलोवरून आठवलं. मित्राच्या पुस्तकाच्या चाळीस प्रती म्हणजे दहा किलो. इकडे परत येताना विमानाच्या तेवीस किलोच्या बॅगेत त्या भरल्यावर बायकोने भाजणी आणि मसाला बाहेर काढला आणि माझ्याकडे जे बघितलं ते बघितलं. मंडळाच्या गणपतीत टेबल लावलं. मित्राला व्हिडिओ कॉलवर रांग दाखवली. रांग खरं तर वडापावची होती, पण शेजारूनच जात होती.

ग्रंथपाल काका :
प्रकाशनाच्या दिवशी सगळे असतात. नंतर काय? फोन थांबतात. लेखक रोज दुकानात फोन करतो, दुकानदार टाळायला लागतो. तेव्हा जा त्याच्याकडे.

आमच्या वाचनालयात एक गृहस्थ आले, मित्राच्या पुस्तकाची मागणी वहीत लिहून गेले. आठवड्याने त्यांच्या सांगण्यावरून आणखी दोन सभासदांनी लिहिलं. तीन सभासदांची मागणी आली की मला ग्रंथ-निवडीत ते पुस्तक मांडायला जोर येतो. एरवी यादीत शेकडो नावं असतात. फुकट भेट प्रत देऊन जाणारे लेखक भेटतात, ती प्रत घेतो आम्ही, पण मागणी असलेलं पुस्तक समोरच्या कपाटात लागतं.

आणखी एक काम मित्राने करावं. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसंच चेन्नईचं कन्नेमारा, मुंबईचं मध्यवर्ती आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना स्वखर्चाने पाठवायची असते, प्रसिद्धीपासून तीस दिवसांत. बऱ्याचदा राहून जातं. प्रकाशकाला आठवण करा. एका कवीला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे इथे कुणी घेतलं नाही तरी कोलकात्यात एक आहे! त्या दिवसापासून तो दुकानात फोन करायचा थांबला.

लिंबूटिंबू :
आणि वाचा हो. वाचून पान नंबरासकट लिहा काय आवडलं ते. 'मस्त, फ्लोमध्ये गेलं' असं नाही.

रातराणी :
हे सगळं तिला वाचून दाखवलं. नववी-दहावीपाशी ती हसली आणि मग बराच वेळ नाक ओढत होती. लोकल, करार काल तिच्याकडून मागून घेतला. मुदतीच्या जागी खरंच 'कायमस्वरूपी' आहे, सोमवारी पत्र लिहिते, मसुदा तुम्हाला दाखवेन. प्रुफं मोठ्याने वाचायला आजपासून बसलो. पहिल्याच कथेत नायिका भर वैशाखात ऊबदार शाल पांघरून गच्चीवर बसलीये. 'खरं की धीर' विचारलं. म्हणाली, मंगळवारपर्यंत खरं, नंतर धीर.

मुक्काम पोस्ट :
पुस्तकाचं नाव सांगा, दोन प्रती आत्ताच नोंदवतो.

रातराणी :
नाव ती अजून बदलतेय. काल रात्रीपर्यंतचं पाचवं होतं.