मदत हवी आहे: गृहकर्ज लवकर फेडायचंय, सोबत कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. आमचं गृहकर्ज 20 वर्षांचं, व्याज 9 टक्के. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले आणि परवा हिशोब बघितला, तर मुद्दल जेमतेम 11 टक्के उतरलंय! पोटात गोळाच आला. सुरुवातीच्या हप्त्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त व्याजच जातं, हे तेव्हा नीट कळलंच नव्हतं.

आता हप्त्यांचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. जादा रक्कम भरली की मुद्दलाच्या रकान्यात हिरवी रेघ मारते. आतापर्यंत दोनच रेघा झाल्यात.

पहिल्या वर्षापासून दरवर्षी एक हप्ता जास्त भरला असता तर कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी फिटलं असतं. म्हणून हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची, असं माझं मत. नवरा म्हणतो, हप्ता कमी करू, हात मोकळा राहील. तुम्ही काय केलंत? अडीनडीसाठी किती महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलात?

आणि खरी मदत ही हवी आहे: दर महिन्याच्या पाच तारखेला एकमेकांना "किती भरलं" सांगणारे तिघे-चौघे मिळतील का? एकटीने चिकाटी टिकत नाही.