वेताळ अजून का आठवतो?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): १९६४ साली सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स ही चित्रकथांची मालिका १९९० मध्ये बंद पडली, तरी आमच्याकडील जुन्या वाचकांच्या बोलण्यात तिचा मुखवटाधारी नायक वेताळ (मूळ इंग्रजीत फँटम) हटकून येतो. असे का होत असावे?

उत्तर १: ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला हा नायक अमर नाही, बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि जंगलाला मात्र एकच वेताळ शतकानुशतके जगतो आहे असे वाटते. हे गुपित ठाऊक असल्यामुळे वाचक आपोआप कथेत सामील होतो.

उत्तर २: मला इंद्रजालमधलाच दुसरा नायक, आबिद सुरती यांचा १९७६ मधील बहादूर अधिक जवळचा वाटतो, कारण डाकूच्या या मुलाला पोलीस अधिकाऱ्याने वाढवले आणि पुढे तोच डाकूंविरुद्ध उभा राहिला.

उत्तर ३ (मिरज): सहमत. शिवाय बहादूरच्या कथांतली गावे आपल्या ओळखीची वाटत.