२००७ ची बॉक्स्टर परभणीत वापरण्यासाठी घ्यावी का?

प्रश्न (परभणी)

सर्वांना नमस्कार. पोर्शेची उघड्या छताची २००७ सालची बॉक्स्टर, २.७ लिटर इंजिन आणि मॅन्युअल गिअर असलेली, पुण्यातील एका गृहस्थांकडून घेण्याचा माझा विचार आहे. गाडी ५४ हजार किलोमीटर चाललेली असून गेली तीन वर्षे ती गॅरेजमध्येच उभी आहे. महिन्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवतो, असे मालक सांगतात. रंग आणि छत उत्तम दिसते, मात्र सर्व्हिसची बिले २०१६ पर्यंतचीच आहेत. या इंजिनातील एका बेअरिंगबद्दल मी इतके उलटसुलट वाचले आहे की निर्णय होत नाही. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा ही गाडी येथे टिकेल का आणि घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. लहानपणापासूनची इच्छा आहे, पण घाईने घेऊन पुढे ती झाकून ठेवण्याची वेळ येऊ नये, एवढेच वाटते.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर, गॅरेज व्यावसायिक)

आपण ज्या बेअरिंगविषयी वाचले आहे ते इंटरमीडिएट शाफ्टचे, म्हणजे क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत नेणाऱ्या मधल्या दांड्याचे आहे. ते तुटले तर व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ (टायमिंग) चुकते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपते. जुन्या इंजिनांत ते लहान होते व तक्रारीही जास्त होत्या. आपण पाहत असलेल्या २००७ च्या गाडीत मोठे बेअरिंग आहे, ते तुलनेने बरेच टिकते. अडचण एवढीच, की ते इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बाहेर निघत नाही. (२००९ च्या मॉडेलपासून कंपनीने हा शाफ्टच काढून टाकला.) म्हणून गाडी लिफ्टवर घ्या, ऑइल फिल्टर काढून त्याची कागदी घडी कापून उघडा आणि उन्हात धरून पाहा. धातूचा चकाकता चुरा दिसला, तर किंमत कितीही कमी केली तरी गाडी घेऊ नका. त्याच वेळी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली तेलाचा ओलावा आहे का ते पाहा. तेथील सील पाझरत असेल, तर ते काम क्लच बदलतानाच करून घेणे परवडते, कारण दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

माझ्या मते मराठवाड्यात बेअरिंगपेक्षा मोठी काळजी कूलिंगची आहे. इंजिन मधोमध असले तरी रेडिएटर पुढच्या बंपरमध्ये दोन्ही कोपऱ्यांत असतात आणि त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर. या दोहोंमधील फटीत रस्त्यावरचा कचरा शिरून बसतो. मागील हंगामात एका गाडीचा बंपर उतरवला, तेव्हा त्या फटीत कापूस आणि धूळ मिळून नमद्यासारखा घट्ट थर झालेला होता. तो बोटांनी सोलून काढावा लागला. आपल्याकडे कापसाच्या गाड्या चार महिने रस्त्यावर असतात, त्यामुळे दरवर्षी मार्चमध्ये बंपर उतरवून हे साफ करणे मी आवश्यक मानतो. पाहायला गेल्यावर एसी सुरू करून पुढे वाका. दोन्ही बाजूंचे पंखे हळू गतीने फिरले पाहिजेत. एक बाजू शांत असेल तर बहुधा त्या पंख्याचा रेझिस्टर, म्हणजे त्याला हळू गती देणारा विजेचा भाग, गेलेला असतो. वॉटर पंपचा आतील पंखा प्लास्टिकचा असतो, तो जुना झाल्यावर तुटतो आणि तुकडे इंजिनच्या पाण्याच्या मार्गात अडकतात, म्हणून बिल दिसत नसेल तर पंप बदललेला नाही असेच धरून चाला. कूलंटची टाकी मागच्या डिकीत आहे. कारपेट उचलून हात फिरवा. ओल किंवा गोडसर वास आला तर टाकीला चीर आहे.

महिन्यातून दहा मिनिटे जागेवर इंजिन चालवणे ही काळजी नव्हे. तेल पुरते तापत नाही आणि इंजिनात आलेला दमटपणा तेलातच राहतो. गाडी थंड असताना पहिल्यांदा सुरू करू द्या, मालकांनी आधी गरम करून ठेवली असेल तर परत जा. थंड इंजिनातून टकटक येत असेल आणि ती गरम झाल्यावरही राहत असेल, तर प्लग काढून कॅमेऱ्याने सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे आहेत का ते पाहायला लावा. दाट पांढरा धूर सतत येत असेल, तर तेलाची वाफ वेगळी करणारा भाग निकामी झालेला असू शकतो. तो बदलता येतो, त्यासाठी गाडी नाकारू नये.

उत्तर (नांदेड)

माझ्याकडे दुसऱ्या बनावटीची उघड्या छताची गाडी आहे, पण हा मुद्दा दोन्हींना लागू होतो. छताच्या मागील घडीच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी निचरण्याची छिद्रे असतात. माझी गाडी अंगणातील लिंबाखाली उभी असे. पानांच्या काड्यांनी ती छिद्रे बुजली आणि जुलैच्या एका रात्रीत आसनाखालचे कारपेट भिजून वायरिंग गेले. ही चूक माझीच होती. आता मृगापूर्वी मऊ तार घालून छिद्रे मोकळी करतो आणि मग तांब्याभर पाणी ओतून ते खाली जमिनीवर पडते का, हे पाहतो.

उत्तर (लातूर)

टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचे रबर वेगात धोक्याचे असते, समृद्धीवर तर अधिकच. पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही, तेव्हा इंधनाच्या सर्व रबरी नळ्या बदलाव्यात आणि टाकीत जुने पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये. नोंदणीची १५ वर्षे २०२२ मध्ये संपली असल्याने नूतनीकरण झाले आहे का, तेही पाहावे. ते पाच वर्षांचे असते, म्हणजे लवकरच पुन्हा करावे लागेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी गाडी पाहून आलो. फिल्टर स्वच्छ निघाला, थंड इंजिनचा आवाजही ठीक होता. उजवा पंखा मात्र फिरत नाही आणि टायरवर २३१४ असा आकडा आहे. पंखा, वॉटर पंप, नळ्या आणि टायर यांचा खर्च किमतीतून वजा करण्यास मालक तयार आहेत. गाडी पुण्याहून चालवत आणावी का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर, गॅरेज व्यावसायिक)

नाही. ट्रेलरवर चढवून आणा. या टायरवर आणि या पंपावर लांबचा पल्ला नको. आणखी एक: या गाडीची बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि ती डिकी विजेवर उघडते. बॅटरी उतरली तर फ्यूज-पेटीतील ओढून बाहेर येणाऱ्या टोकाला दुसऱ्या बॅटरीची वायर लावून ती उघडावी लागते. मालकांकडून हे एकदा समोर करून घ्या आणि मगच चावी हातात घ्या.