मदत हवी आहे: तिसऱ्या कपातीनंतर टीमशी काय बोलू?

मोठ्या टेक कंपनीत टीम लीड आहे. 18 महिन्यांत तिसरी कपात झाली, 9 जणांतले 6 उरलो. पहिल्या वेळी 'आता पुन्हा नाही' हे वरून आलेलं वाक्य मीच टीमला सांगितलं होतं. ते अजून सलतं. मेटाने नोव्हेंबर 2022 मध्ये 11,000 आणि चारच महिन्यांनी आणखी 10,000 जागा कमी करायचं जाहीर केलं, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

एकेकाशी बोललो. काम कमी करून मागितलं, नकार आला. एचआरकडे ठरावीक उत्तर. यादी मला आधी कळत नाही. माझं सोडून जाणं तूर्त शक्य नाही.

12 वर्षं इथेच असलेली सहकारी विचारते, "आता जीव ओतून काम का करू?" खोटा धीर न देता तिला काय सांगू?