सहा वर्षांच्या मुलाला लॅटिन विभक्ती कशासाठी?

कॅरीकर : काल ‘पाटीपेन्सिल’ यांनी लिहिले की, नॉर्थ कॅरोलिनात होमस्कूलिंग करायचे तर लहान मुलांसाठी अभिजात (लॅटिन आणि पाठांतरावर भर देणाऱ्या) पद्धतीच्या को-ऑपला, म्हणजे पालकांनीच मिळून चालवलेल्या साप्ताहिक वर्गाला, पर्याय नाही, कारण दहा वर्षांपर्यंतचे वय पाठांतराचेच असते आणि अर्थ पुढे आपोआप उमगतो. हे ‘आपोआप’ मला झोंबले. थोरलीला आम्ही अशा को-ऑपमध्ये दोन वर्षे पाठवले. ‘पाठवले’ म्हणणेही चुकीचे, कारण तेथे मुलांना सोडून परतण्याची मुभा नव्हती. आईने किंवा बापाने वर्गात मागे बसायचे. शिकवणारी ट्यूटर म्हणजे आपल्यासारखीच एक पालक. मुलगी लॅटिन नामांचे प्रत्यय चालीवर धडाधड म्हणे, पण दोन वर्षांत एकही लॅटिन वाक्य तिने वाचले नाही. या पद्धतीचे समर्थक ज्यांचा दाखला देतात त्या इंग्लिश लेखिका डोरोथी सेयर्स यांनी ऑक्सफर्डमधल्या १९४७च्या भाषणात आरंभीच कबूल केले आहे की, आपला शिकवण्याचा अनुभव अत्यंत तोकडा आहे.

पाटीपेन्सिल : सेयर्स यांचा अनुभव तोकडा असेल, परंतु व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही त्रयी त्यांनी शोधलेली नाही. ती मध्ययुगीन युरोपातली आहे. बाईंनी ती मुलांच्या वयाशी जोडली, इतकेच. आणि ज्यांच्या घरी परवचा झाल्याशिवाय पान वाढले जात नसे, त्यांनीच पाठांतराला नाक मुरडावे, याची गंमत वाटते. माझ्या आजोबांनी आठव्या वर्षी अमरकोश पाठ केला होता आणि त्याचा अर्थ त्यांना विशीत लागला. त्यांचे काही बिघडले नाही.

रूपावली : आजोबांचा दाखला येथे लागू पडत नाही. पाठशाळेत रूपावलीमागून समासचक्र येई, त्यामागून रघुवंश येई आणि गुरुजी रोज समोर असत. येथे आठवड्यातून एक सकाळ आहे, आणि ट्यूटरबाईच लॅटिन त्याच आठवड्यात शिकत असतात. आमच्या को-ऑपमध्ये एकीचा सीझर ‘काएसार’ होता, दुसरीचा ‘चेझर’; दोन्ही उच्चारांच्या परंपरा आहेत, हे मुलांना कोणी सांगितलेच नाही. विभक्ती घोकायच्याच असतील तर ‘रामः रामौ रामाः’ काय वाईट? ज्या घरांत आजीशी फोनवर चार वाक्ये मराठीत बोलता येत नाहीत, तेथे रोमन सेनापतींच्या भाषेचे कौतुक चालले आहे.

पाटीपेन्सिल : माझी मुले आजीशी मराठीतच बोलतात. आपण माझ्या घरात डोकावल्याशिवाय हे लिहू नये.

रूपावली : मी कोणाचे नाव घेतले नव्हते. टोपी आपणच उचललीत.

डरहमची मावशी : संस्कृत की लॅटिन हे भांडण दिवाळीपर्यंत चालेल, मूळ प्रश्न को-ऑपचा आहे. या राज्यात सक्तीच्या शिक्षणाचे वय सात वर्षांपासून सुरू होते, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलासाठी घाबरून मोठे शुल्क भरण्याचे कारण नाही. पुढेही को-ऑप ही आपली शाळा ठरत नाही, कारण कायद्याने एका होमस्कूलमध्ये दोनच कुटुंबे असू शकतात. राज्याला कळवणे, हजेरी ठेवणे आणि दरवर्षी प्रमाणित चाचणी घेणे आपल्याच गळ्यात राहते. आणखी एक गोष्ट कोणीच काढली नाही. असे बरेच को-ऑप ख्रिस्ती श्रद्धेवर उभे असतात. आम्ही पाहिलेल्या ठिकाणी श्रद्धापत्रावर पालकांची सही हवी होती, आणि इतिहासाची कालरेषा देवाने केलेल्या सृष्टीपासून सुरू होत होती. मला त्यात वैर दिसत नाही, पण घरी देवघरापुढे बसणाऱ्या मुलाला ते समजावून सांगण्याची तयारी आधी हवी.

पाटीपेन्सिल : सहीचे कागद मी न वाचताच पुढे सरकवले होते, हे मान्य करते. मावशींच्या सांगण्यावरून काल रात्री वाचले. त्यातील दोन कलमांवर यजमानांशी बोलावे लागेल. मात्र पाठांतराबद्दल माझे मत तसूभरही बदललेले नाही.

कॅरीकर : न वाचता सही केलीत, म्हणजे अर्थ मागाहून उमगतो हा आपला सिद्धांत निदान एका बाबतीत खरा ठरला. धाकट्याला आम्ही यंदा को-ऑपमध्ये घालणार नाही. परंतु प्रामाणिकपणे सांगायचे तर थोरली अजूनही डिशवॉशर लावताना तेच प्रत्यय गुणगुणते, आणि दोन वर्षे मागच्या बाकावर काढल्यामुळे ते मलाही पाठ झाले आहेत.