दात गेला, पुढे काय? कवळी, ब्रिज, इम्प्लांटचे तुमचे अनुभव लिहा

शेवंती_सातारा
परवा भाचीला जुना अल्बम दाखवत होते. तिनं विचारलं, "पणजी सगळ्या फोटोंत तोंडावर पदर का धरते?" आम्हाला लहानपणी वाटायचं, आजी लाजते. तिचे पुढचे दात गेले होते. जन्मभर मिश्री लावली, हिरड्या खंगल्या, दात हलून हलून पडले. कवळीचं कुणी नावही काढलं नाही, बाईमाणसाला कशाला म्हणून. आजही त्याचं वाईट वाटतं.

आता आईची खालची दाढ काढलीय. ती म्हणते, "मागची आहे, कुणाला दिसतेय, राहू दे." डॉक्टरांनी एक्सरेवर दाखवलं, की जागा रिकामी राहिली तर शेजारची दाढ त्या बाजूला कलते, वरची खाली उतरू लागते आणि तिथलं हाड झिजत जातं. पर्याय तीन दिलेत : काढता-घालता येणारा दात, ब्रिज (शेजारच्या दोन दातांच्या आधारावर बसवलेला खोटा दात), इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात). ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, प्लीज. आजीसारखं तिचं होऊ द्यायचं नाहीये मला.

घाटमाथा
शेजारचे दात कसे आहेत ते आधी बघा. ब्रिजसाठी दोन्ही बाजूचे दात तासावे लागतात, तासलेला दात परत येत नाही. ते धडधाकट असतील तर इम्प्लांट बरं. माझ्या दोन्ही बाजूंना आधीच रूट कॅनाल होऊन कॅप होत्या, म्हणून मी ब्रिज केला, मस्त चाललाय. फक्त मधल्या खोट्या दाताखाली अन्न अडकतं, तिथे रोज बारीक ब्रश फिरवायलाच हवा. आधाराचा दात आतून किडला तर अख्खा ब्रिज जातो.

पेरूची_फोड
खालचीच कवळी सैल होते हो!! वरची टाळूला धरून बसते, खालचीला धरायला जागाच नाही, त्यात जीभ ढकलते. बाबा चिडून खिशात घालून फिरायचे, जेवताना तर हमखास काढायचे. शेवटी खाली दोन इम्प्लांट घालून त्यावर कवळी बटणासारखी टिचकन बसवली. आता ज्वारीची भाकरी खातात. कुकर झाला, बाकी नंतर लिहिते.

मृगसरी
शेवंती, आजीचं वाचून डोळे भरले. आमच्याकडेही तेच, मिश्रीची डबी उशाशी.

आंबेमोहर
आईंना हाडांच्या ठिसूळपणाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू आहे का? असेल तर दातांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यातल्या काही औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. सासूबाईंच्या बाबतीत डॉक्टरांनी स्वतः विचारलं म्हणून कळलं. साखर आटोक्यात नसेल तर तीही आधी आणावी लागते. तंबाखू, सिगरेट असेल तर इम्प्लांट फसायची शक्यता वाढते.

शेवंती_सातारा
साखर आहे, गोळ्या चालू आहेत. हाडांचं काही नाही. उद्याच विचारते. थँक्यू ग.

खारी_बिस्कीट
दाढ काढल्यावर आई काय खातेय? मऊ भात, मेतकूट, वर साजूक तूप दे.

मृगसरी
घरचं मेतकूट का? प्रमाण टाक ना. माझं कडू होतं.

शेड_ए_टू
मी डेंटल लॅबमध्ये काम करतो, दात आम्हीच घडवतो. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप स्वस्त पडते, पण हिरडी मागे सरली की कडेला काळसर रेघ दिसते. मागच्या दाढेला दिसण्याचा प्रश्न नाही, तिथे ती चालते. झिर्कोनिया म्हणजे नुसतं सिरॅमिकच, त्यात धातू नसतो आणि ताकद चांगली असते. पुढच्या दाताचा रंग ठरवताना खिडकीपाशी, दिवसाउजेडी बघा, लिपस्टिक पुसून. ट्यूबलाइटखाली निवडलेला दात बाहेर वेगळा दिसतो आणि मग आम्हाला परत सगळं करावं लागतं. आणि कवळी उकळत्या पाण्यात घालू नका, अ‍ॅक्रिलिक असतं, वाकडं होतं. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, हिरड्यांना विश्रांती द्या. सैल झाली तर लगेच नवी करायची गरज नसते, आतून अस्तर चढवून मिळतं.

दोन_बटव्यांची
लेकाचा पुढचा दात क्रिकेटमध्ये मुळासकट बाहेर आला. धाग्याचा विषय नाही पण लिहितेच, सगळ्यांनी लक्षात ठेवा. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही, दुधात टाकून पळायचं. अर्ध्या-एक तासात गेलं तर परत बसू शकतो. आमचा बसला. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवत नाहीत.

जर्सीकर
परदेशातून पुण्याला येऊन इम्प्लांट करणाऱ्यांसाठी : एका सुट्टीत उरकेल असं धरू नका. स्क्रू हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने, मग वरचा दात. हाड कमी असेल तर आधी ग्राफ्ट (हाडाची भर घालणं), म्हणजे आणखी वेळ. इम्प्लांटची कंपनी आणि माप लिहिलेलं कार्ड मागून घ्या. माझ्याकडे नव्हतं, दात हलला तेव्हा इथल्या डॉक्टरला कुठलं हत्यार लागेल तेच कळेना.

लोलक
इम्प्लांटचा स्क्रू ज्याचा असतो ते टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्कांना सशांच्या हाडावरच्या प्रयोगात दिसलं. माणसात पहिलं इम्प्लांट त्यांनी 1965 मध्ये केलं, आणि त्या रुग्णाचे ते दात मरेपर्यंत, चाळीसेक वर्षं टिकले. त्यामुळे "नवीन खूळ आहे" म्हणणाऱ्या काकांना हे सांगा.

घाटमाथा
खर्च झेपत नसेल तर सरकारी डेंटल कॉलेज. मुंबई, नागपूर, संभाजीनगरला आहे, मुंबई सेंट्रलला नायर हॉस्पिटलचंही आहे. विद्यार्थी करतात, पण सर प्रत्येक पायरी तपासतात. फेऱ्या खूप होतात. वहिनीची पूर्ण कवळी तिथलीच, हिरडीला टोचायची तिथे त्यांनी पुन्हा पुन्हा घासून दिली, एकदाही कंटाळले नाहीत.

शेवंती_सातारा
सगळं आईला वाचून दाखवलं. शेजारच्या दाढा चांगल्या आहेत, त्यामुळे इम्प्लांटकडे कल आहे, साखरेचा रिपोर्ट आला की ठरवू. पेरूची_फोड, बाबांना बटणवाली कवळी काढायला-घालायला जमते का? आईच्या मावशीची बोटं आखडतात, तिच्यासाठी विचारतेय.

पेरूची_फोड
सुरुवातीला जमत नव्हती, मी घालून द्यायचे. आता आरशासमोर स्वतः करतात. मावशींना डॉक्टरांसमोरच काढून-घालून बघायला सांग, घरी येऊन नको.

खारी_बिस्कीट
मृगसरी, मेथी जास्त पडत असेल. हरभरा डाळ एक वाटी असेल तर मेथी एक चमचाच, आणि मंद आचेवर भाज.